एस्तेर, तो स्टॅबिलायझर मीच लावला होता

एस्तेर,

परवाच्या प्रार्थनासभेत लोक तुझ्याबद्दल जे बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. पाळकसाहेब बोलले, शाळेतल्या दोन बाई बोलल्या, तुझ्या हाताखाली बाराखडी गिरवलेला एक फौजदार बोलता बोलता रडायला लागला. तुझी शिस्त झाली, तुझी सेवा झाली, तुझा गोड गळा झाला. पण तू अठरा चाकी ट्रक चालवत होतीस, हे एकानंही सांगितलं नाही. मी पुढच्या बाकावर बसून वाट बघत होतो. शेवटी म्हटलं आपणच उठावं, तर प्रीतीनं हात धरून मला खाली बसवलं. लेक आहे तुझी. बाप कधी हसं करून घेणार ते तिला आधी कळतं.

म्हणून हे लिहितोय. आणखी एक कारण आहे. तुझा तो ट्रकचा कॉम्प्युटर नवा कोरा असताना सारखा बंद पडायचा आणि त्याच्यापायी तू दोन महिने जीव आटवलास. त्याचं कारण मला ठाऊक होतं. पहिल्यापासून नाही, पण शेवटचे काही दिवस पक्कं ठाऊक होतं. ते मी तुला सांगितलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तुझ्यापासून लपवलेल्या गोष्टी काढायला बसलो, तर स्टँडवर चोरून खाल्लेली भजी सोडून ही एकच निघते. पण ही एकच आता मला झोपेतून उठवते.

तू रिटायर झालीस तेव्हा मला वाटलं होतं, आता ही स्त्रियांच्या सभेत, गायनात, फार तर पापड-कुरडयांत रमेल. पंधरा दिवसांनी चहाचा कप ठेवता ठेवता तू जाहीर केलंस, "मला कॉम्प्युटर बांधायचाय. गेमचा."

"बांधायला त्यो काय गोठा हाय का?" मी म्हणालो.

तू हसली नाहीस. वहीत पार्टांची यादी होती, प्रत्येकापुढं का तेच घ्यायचं याचं कारण. प्रीतीनं फोनवर सांगून पाहिलं की आई, पुण्याहून तयार मशीन पाठवते. तू तिला म्हणालीस, "तयार घेतलं तर आत काय आहे ते मला कसं कळणार?" साठीच्या बाईचं हे वाक्य ऐकून मला तेव्हा हसू आलं होतं. आता आठवलं की मान ताठ होते.

गेम होता ट्रक चालवायचा. ते वेड कुठून आलं ते मला माहीत होतं. तुझे अण्णा कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर. ऊस उतरवून रिकामी झालेली गाडी त्यांनी एकदा मोकळ्या यार्डात तुझ्या हातात दिली. तू अकरा वर्षांची. पाय पुरत नव्हते म्हणून पायडल अण्णांकडं आणि स्टेअरिंग तुझ्याकडं. एक फेरी मारलीस. उतरताना अण्णा म्हणाले, "पोरीला गाडी कळती." ही गोष्ट मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकली की त्या यार्डातले खड्डेसुद्धा मला पाठ झाले होते. पण त्या एका फेरीनं तुझं भागलं नव्हतं, हे मात्र मला कधी कळलं नाही. विचारायला हवं होतं.

पार्ट आले. तू जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरलीस. मिसळणाचा नवा डबा आणलास आणि मोहरी-जिऱ्याच्या वाट्यांत आकार पाहून स्क्रू ठेवलेस. कशालाही बोट लावायच्या आधी लोखंडी कपाटाला हात लावून यायचीस, अंगातली वीज तिथं सोडायची म्हणून. आता मी कारखान्यात जन्मभर इन्स्ट्रुमेंट फिटर. गेज, पॅनेल, वायरिंग यात केस पिकवले. स्क्रू-ड्रायव्हर ही आपली खाजगी मालमत्ता आहे अशी माझी ठाम समजूत. तू मला टॉर्च धरायला उभं केलंस. तीन तास. मधे मी एकदा "असं न्हाई, तसं" म्हणालो तर तू चष्म्यावरून नुसतं पाहिलंस आणि मी पुन्हा टॉर्च सरळ धरली.

प्रोसेसर तापू नये म्हणून त्याच्यावर लावतात ती राखाडी पेस्ट वाटाण्याएवढी टाकायची की रेघ ओढायची, यावरून मात्र आपली जुंपली. तू वाटाण्याची, मी रेघेचा. तू वाटाणाच टाकलास. ते भांडण मिटलेलं नाही हे तुला माहीत असावं म्हणून लिहितो. मी अजूनही रेघेच्याच बाजूनं आहे.

बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीनवर अक्षरं आली. मी टाळी वाजवली. तू फक्त "बरं" म्हणालीस. अवघड गणित एखाद्या ढ पोरानं बरोबर सोडवलं की वर्गात म्हणायचीस, तेच "बरं". त्यात किती आनंद असायचा ते तुझ्या वर्गाबाहेर फक्त मला ठाऊक होतं.

स्टेअरिंग तू शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलंस आणि खाली मशीनच्या पायडलपुढं ट्रकची पायडलं मांडलीस. कानांवर ते मोठे हेडफोन. मी शेजारच्या खुर्चीत क्लीनर. आपण दोघांनी कधी पासपोर्टसुद्धा काढला नाही, पण तीन दिवसांत तू मला बर्फाचे चार मुलूख दाखवलेस. मागं चीजचे खोके भरलेले, काच पुसत वायपर फिरतोय आणि तू प्रत्येक गावाची पाटी मला मोठ्यानं वाचायला लावतेस. माझे उच्चार ऐकून पोट धरून हसायचीस. रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल सिग्नलला थांबायचीस. मी म्हणायचो, "मार की पुढं, कोन बघतंय?"

"मी बघतेय ना," तू म्हणायचीस.

चौथ्या दिवशी तू श्रीरामपूरला सभेला गेलीस आणि मी माळ्यावर चढलो.

आपल्याकडच्या लाईटची तऱ्हा काय सांगायची. शेतीपंपांची लाईट आली की घरातली ट्यूब डोळे मिचकावते. बेलापुरात नवी वस्तू उंबऱ्याच्या आत आली की आधी तिला स्टॅबिलायझर, मग ती चालू. आमच्या पिढीला वस्तूला नुसती वीज दिलेली बघवत नाही. मी तो विषय तुझ्यापाशी काढला होता. तू म्हणालीस, "तुमची फॅक्टरीतली डबडी माझ्या कॉम्प्युटरला नकोत. दिवाळीनंतर मी चांगला यूपीएस घेणार आहे." डबडी हा शब्द मला लागला. जुना फ्रीज मोडीत गेला तरी त्याचा स्टॅबिलायझर मी जपून ठेवला होता, स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला. तो मी कपाटामागं भिंतीत दोन स्क्रू मारून टांगला, वायर पट्टीतून नीट फिरवली आणि तुझ्या कॉम्प्युटरचा प्लगबोर्ड त्याच्यावर घेतला. तू आलीस तेव्हा मी पेपर वाचत बसलो होतो. त्या दिवशी मला फार बरं वाटत होतं, एस्तेर. आपण हिच्या नकळत हिची वस्तू सांभाळतोय, असं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी घाटात चढण चढता चढता तुझी स्क्रीन काळी झाली. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्यानंतर रोजच. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. नुसतं पत्र लिहिताना, व्हिडिओ बघताना काही नाही. ट्रक चालू असला की मात्र हमखास.

दुसरा कुणी असता तर त्यानं शिव्या देऊन मशीन दुकानात टाकलं असतं. तू कपाटातून शाळेचा जुना कोरा हजेरीपट काढलास. मुलांच्या नावांच्या जागी पार्टांची नावं लिहिलीस. पहिली रॅम, दुसरी रॅम, ग्राफिक कार्ड, पॉवर सप्लाय. तारखेखाली कोण हजर, कोण बाहेर, आणि शेवटी एक रकाना, "कारण". मी विचारलं हे काय, तर म्हणालीस, "वर्गात गोंधळ झाला म्हणून सगळ्या वर्गाला उभं करायचं नसतं. एकेकाला बाहेर पाठवायचं आणि गोंधळ थांबतो का बघायचं. एका वेळी एकालाच. दोघांना पाठवलं तर कोण होतं ते कधीच कळत नाही." मी ऐकत राहिलो. कारखान्यात आम्ही घाईघाईत चार गोष्टी एकदम बदलायचो आणि मशीन चालू झालं की चारींना शिव्या घालून मोकळे व्हायचो. मला एवढ्या वर्षांत कुणी हे इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

ग्राफिक कार्डाचा ताप तू दर दहा मिनिटांनी लिहायचीस. ताप वाढलेला नाही. कार्डाचं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलंस. तरी तेच. आणि पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालीस, "निळी स्क्रीन येत नाही, कसला मेसेज येत नाही. त्याला काही सांगायलासुद्धा वेळ मिळत नाहीये. म्हणजे आतलं डोकं बिघडलेलं नाही, वीज तुटतेय." तू तिथवर पोहोचली होतीस! पुढं फक्त कपाटामागं बघायचं राहिलं होतं. आणि मी काय म्हणालो? "पावर सप्लायच खराब हाय. दुकानदारानं जुना माल मारला. बाई बघितली अन् गंडवलं." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. माझा स्टॅबिलायझर पाठीशी असताना बाहेरची वीज तुटेलच कशी?

आपण नगरला गेलो. राहुरीला बस बदलली, पॉवर सप्लायचा खोका तुझ्या मांडीवर. त्याआधी देवळालीपाशी उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला तेव्हा तू खिडकीतून त्या ड्रायव्हरांचे हात बघत होतीस. दुकानात तोंडाची वाफ मीच दवडली. तू एकच वाक्य बोललीस, "तुम्ही मला फसवलंत असं मला वाटतं." त्या माणसाचा चेहरा उतरला. माझी बडबड त्यानं ऐकून घेतली असती, पण तुझं ते वाक्य त्याला लागलं. मुकाट्यानं दुसरा पीस काढून दिला. तो लावला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीन काळी.

मग ती दुपार आली. तू कुठल्या तरी पुलावर होतीस, मी शेजारी पेपर तोंडावर घेऊन पेंगत होतो. शेतीपंपांची लाईट आली, ट्यूब मंद झाली आणि कपाटामागून आवाज आला, टक्. त्याच क्षणी तुझी स्क्रीन गेली. तुझ्या कानांवर हेडफोन होते, तुला ऐकू येणं शक्य नव्हतं. मला आलं. तो आवाज मी ओळखीन नाही तर कोण ओळखणार? जुना स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी झालं की आतली पट्टी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो आणि नेताना वीज क्षणभर तुटते. फ्रीजला त्याचा पत्ताही लागत नाही. कॉम्प्युटर हलकं काम करत असला तर तोही तेवढा दम काढतो. ट्रक ओढताना त्याला तेवढा दम राहत नव्हता.

तू हेडफोन काढलेस, घड्याळ पाहिलंस आणि हजेरीपटात वेळ लिहिलीस. कपाळावर आठी नाही. माझ्या मात्र कानशिलात आग लागली होती. तेव्हाच बोलायचं होतं. पण त्या दुकानदाराचा चेहरा आठवला, "बाई बघितली अन् गंडवलं" हे माझंच वाक्य आठवलं, आणि डबडं हा तुझा शब्द आठवला. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

मंगळवारी सकाळी तू दुसरी रॅम काढून ठेवलीस आणि बाजाराला गेलीस. मी पाच मिनिटांत स्टॅबिलायझर उतरवला, बोर्ड सरळ लाईनवर घेतला आणि तो डबा माळ्यावर गोधड्यांखाली कोंबला. त्या दिवसापासून कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

तू दुसऱ्या रॅमला दोषी धरलंस. पण धरलंस म्हणून सोडून दिलं असं तुझं काही नव्हतंच. ती रॅम नगरला पाठवलीस. दुकानदारानं दिवसभर चालवून पाहिली आणि फोन केला, "बाई, हिच्यात काय बी खोट न्हाई." परत आली तशी तू ती मशीनमध्ये बसवलीस. ट्रक सुरळीत. म्हणजे रॅम निर्दोष. तू पेन दाताखाली धरलंस आणि मला विचारलंस, "अहो, त्या मंगळवारी घरात आणखी काही बदललं होतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

आठवड्यानं पुन्हा विचारलंस, जरा वेगळ्या अंगानं. पहिले तीन दिवस चांगला चालला, चौथ्या दिवशी काय झालं असेल? मी म्हणालो मशीनं अशीच असतात, कधी कधी आपोआप सुधारतात. कारखान्यात हे वाक्य एखाद्या पोरानं माझ्यापुढं उच्चारलं असतं तर त्याला मी पॅनेलरूमच्या बाहेर काढलं असतं. तिसऱ्यांदा विचारलंस ते खूप दिवसांनी. तू भाकरी थापत होतीस, पाठ माझ्याकडं. "काही सांगायचं राहिलंय का हो?" एवढंच. मी दारात उभा होतो. मला वाटलं बाजाराच्या पिशवीबद्दल विचारतेस. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं. म्हणालो, "न्हाई, काय न्हाई." तू भाकरी उलटलीस.

त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस आणि मला वाटलं, सुटलो.

ते पुढचे महिने मात्र मी कुणाला दिले नसते. ट्रेलर रिव्हर्स घेणं तुला जमत नव्हतं. ट्रक डावीकडं वळवला की ट्रेलर उजवीकडं पळायचा. मी, ज्याला स्कूटर मागं घेता येत नाही, तुला सूचना द्यायचो. एक दिवस तू पदर खोचलास आणि कारखान्याच्या वजनकाट्यापाशी जाऊन उभी राहिलीस. ट्रॉली मागं लावणारी पोरं कशी मान वळवतात, स्टेअरिंग किती थोडं फिरवतात, ते तासभर पाहिलंस. एकानं विचारलं, "मावशी, कुनाची वाट बघताय?" तू म्हणालीस, "कुणाची नाही रे, शिकतेय." घरी येऊन चौथ्या खेपेला ट्रेलर माल उतरवायच्या धक्क्याला असा लावलास की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तू म्हणालीस, "बरं."

आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या बाकावर बसता येणं, हे मी तुझ्यात पाहिलं. मी कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा मला सगळं येत होतं, म्हणून त्यानंतर मला काहीच नवं आलं नाही. तुला आलं. तुझा हेवा वाटायचा, आणि तू शेजारी आहेस याचा गर्वही वाटायचा. दोन्ही सांगायचं राहून गेलं.

दवाखान्याचं मी काही लिहीत नाही. ते तुलाही माहीत आहे, मलाही.

सभा झाली, पाहुणे गेले, प्रीती कपाट आवरत होती. तिनं हजेरीपट माझ्या हातात दिला. मी पानं उलटली. तुझं ते शाळेतल्या फळ्यावरचं अक्षर. प्रत्येक तारीख, प्रत्येक वेळ, प्रत्येक पार्टापुढं "निर्दोष". शेवटच्या पानावर "कारण" या रकान्यात काही नव्हतं. रकाना कोराच. मी तिथंच खाली बसलो. जिनं आयुष्यात एक गणित अर्धं सोडलं नाही ती माझ्यामुळं एक अर्धं टाकून गेली, आणि नगरच्या त्या माणसाला मनातून फसवा समजत गेली, असं मला वाटलं. तुझ्यापुढं आता काही सांगता येणार नव्हतं. तो माणूस तरी होता.

काल नगरला गेलो. प्रीतीला सांगितलं बँकेत काम आहे. बघ, सवय जात नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा धीर गेला असता, म्हणून त्यांच्यादेखतच बोललो. "दुकानदार, तुमचं दोन्ही पावर सप्लाय चांगलं हुतं. रॅम बी चांगली हुती. घरात फ्रीजचा जुना स्टॅबिलायझर मी लावलेला, बाईच्या माघारी. तिला ठाऊक न्हवतं. तिच्या बोलन्याचा राग धरू नका. चूक माझी हाय."

तो काउंटरमागून बाहेर आला. "बसा काका," म्हणाला. "बाई गेल्या ते कळलं मला. पण त्यांना ठाऊक न्हवतं कसं म्हंता? त्या येऊन गेल्या की हितं. एकल्याच आल्या हुत्या. चार लोकांदेखत माझी माफी मागितली. म्हनल्या, चूक माझ्या घरची हुती, मी तुम्हाला नको ते बोलले."

मी विचारलं, तिला कळलं कसं.

"झाडायला कपाट सरकवलं म्हनं. भिंतीला दोन भोकं अन् वायरची नवी पट्टी. म्हनल्या, इतकी सरळ पट्टी आमच्या घरात एकच मानूस मारतो."

एस्तेर, मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. त्यानं मला पाणी दिलं. मी म्हणालो, मग ती मला का नाही बोलली? चांगली झाडायची होती मला, हक्क होता तिचा.

"मी बी हेच इचारलं," तो म्हणाला. "म्हनलं, काकांना सांगितलं का? तर म्हनल्या, न्हाई. पोराला आपन पकडलं तर ते पुढच्या वेळी नीट लपायला शिकतं. ते आपनहून टेबलापाशी आलं तर मन हलकं करून जातं. म्हनल्या, शाळेत सगळ्या पोरांना मी तेवढा येळ दिला, मग ह्यांना का नको? येतील ते." तो जरा थांबला. "म्हनल्या, उशीर लई लावतील. पण येतील. तुमच्याकडं आले तर रागावू नका, चहा पाजा."

त्यानं चहा मागवला. मी तो प्यालो. साखर फार होती, तरी प्यालो.

परतीच्या बसमध्ये मी त्या तिसऱ्या वेळेचा विचार करत होतो. तेव्हा तुला सगळं माहीत होतं. तू पाठ फिरवून भाकरी थापत होतीस ती मला तोंड दाखवायची लाज वाटू नये म्हणून. आणि मी दारात उभा राहून पिशवीचा विचार करत होतो.

तू म्हणालीस तसा मी आलो, एस्तेर. बेलापुरातून निघालो, राहुरीला बस बदलली, एका परक्या माणसापुढं सगळं कबूल केलं. त्या दिवशी दारापासून चुलीपर्यंत फक्त सहा पावलं होती. ती मला चालता आली नाहीत.